वहिनी पाणी मागायची तेव्हा

मंगळवारी सकाळी वहिनी गेली. दादाचा फोन आला तेव्हा मी पेपर वाचत होते. तो म्हणाला, "शालू, मंगल गेली." मी गॅस बंद केला, दाराला कुलूप लावलं आणि डोंबिवलीहून ठाण्याच्या हॉस्पिटलकडे निघाले.

आदल्या संध्याकाळी मी तिच्याजवळ बसले होते. खोलीत आलेल्या नर्सकडे तिने पाणी मागितलं. तांब्या हाताशीच होता, मी उठू लागले तर तिने डोळ्यांनीच मला बसवलं. नर्सने पाणी दिलं, एक घोट पाजला आणि ती गेली. वहिनी हळूच म्हणाली, "चांगली आहे मुलगी, पण आज हिचं लक्ष नाही. पेला देताना दाराकडे बघत होती. माझ्या गोळ्या तू एकदा तपासून घे." मी म्हटलं, "वहिनी, आता तरी पुरे कर." ती म्हणाली, "आता तरी म्हणजे कधी?" आमचं शेवटचं बोलणं ते एवढंच...

शोकसभेत तिच्या कामातली माणसं बोलली. मायेचा सागर, अनाथांची माउली, सगळ्यांवर विश्वास टाकणारी. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होते आणि मला वाटत होतं, ही दुसऱ्याच कुणाची तरी सभा आहे. वहिनीने कुणावर विश्वास टाकलेला मी पाहिला नाही. भाजीवाल्याच्या काट्यावर ती आपल्या पिशवीतलं वजन ठेवून बघायची. दूधवाल्याचं दूध चाखायची, डॉक्टरांचा अहवाल दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायची आणि त्या दुसऱ्यांचा तिसऱ्यांना. आंबे घेताना पेटीच्या तळाचा आंबा वर काढायला लावायची. दादा म्हणायचा, "ही देवळात गेली तर देवाचंही आधारकार्ड मागेल." त्या सभेतली माणसं खोटं बोलत होती असं नाही, पण मेलेल्या माणसाबद्दल सगळेच एका सुरात गोड बोलू लागले की मलाही संशय येतो. हा गुण मला तिच्याकडूनच लागला.

तिचं आणि माझं नातं नणंद-भावजयीचं. मी लग्न केलं नाही, आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं लावली, आणि निवृत्तीनंतर त्यांच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायला आले. ती आम्हाला पहिल्यांदा भेटली ती दादासाठी मुलगी म्हणून. आम्ही तिला बघायला नव्हतो गेलो, तीच वडिलांबरोबर आमच्याकडे आली होती. पोहे झाले, चहा झाला, आणि मग उठायच्या बेतात असताना ती म्हणाली, "जरा पाणी मिळेल का?" मी उठून पाणी आणलं. पुढे कितीतरी वर्षांनी, पापड लाटताना, तिने सहज सांगितलं की तिला तहान वगैरे काही लागली नव्हती. "पाणी मागितलं की घरातलं कोण उठतं ते बघायचं. घर कुणाच्या जिवावर चालतं ते कळतं. तुझा भाऊ बसूनच होता. तू उठलीस म्हणून मी हो म्हटलं." मी म्हटलं, "मग माझ्याशीच करायचंस की लग्न!" ती म्हणाली, "तेच तर केलं. भाऊ वर मिळाला."

पाणी मागायची ही सवय तिला तिच्या कामाने लावली, की सवय होती म्हणून ते काम तिला जमलं, हे मला कधी कळलं नाही. ज्या घरात मुलांची हेळसांड होते, मारहाण होते, अशा घरांना भेट द्यायची आणि मुलं घरी ठेवावीत की काढून घ्यावीत याचा अहवाल बालकल्याण समितीपुढे ठेवायचा, असं ते काम. निर्णय समितीचा, पण डोळे वहिनीचे. घरात शिरली की ती आधी पाणी मागायची. पेला धुतलेला आहे का, पाणी झाकलेलं आहे का, नवरा बायकोला कसं सांगतो, बाई उठताना मुलाला कुठे ठेवते. लोकांना वाटायचं बाई साधी आहे, आपल्या घरचं पाणी पिते. ती पाणी प्यायचीही, सगळं. पण डोळे पेल्याच्या कडेवरून फिरत असायचे.

सरबत मात्र ती घेत नसे. त्यालाही कारण होतं. मानपाड्याच्या बाजूला एक कुटुंब होतं, त्यांची थोरली मुलगी आधीच काढून घेतलेली होती आणि मग त्यांना दुसरं मूल झालं. वहिनी तेव्हा कामात नवी होती. घर लखलखीत, भिंतीवर देवीचा फोटो, आणि तिने पाणी मागितलं तर ट्रेमधून लिंबाचं सरबत आलं. बाळ स्वच्छ दुपट्यात. तिने लिहिलं की माणसं सुधारली आहेत, बाळ घरी राहू द्यावं. पावसाळा संपायच्या आत ते बाळ गेलं. कसं गेलं ते तिने मला सांगितलं नाही, मी विचारलं नाही. नंतर एकदाच म्हणाली, "मी पाणी मागितलं होतं गं. त्यांनी सरबत दिलं, तेव्हाच कळायला हवं होतं. ज्यांना काही दाखवायचं असतं ना, ते सरबत देतात."

हे सांगितल्याशिवाय सुगंधाची गोष्ट सांगता येणार नाही. सुगंधा हे नाव मी बदललेलं आहे, आणि तिला विचारूनच लिहिते आहे. कल्याणच्या पलीकडे, मोहन्याला, एका जुन्या चाळीत ती राहते. तिची पहिली दोन मुलं वहिनीच्याच अहवालावरून काढून घेतली गेली होती. नवरा दारूडा, कधी असायचा, कधी नसायचा. ती मुलांना खोलीत कोंडून कामाला जायची, आणि एकदा गेली ती दुसऱ्या दिवशी उगवली. शेजाऱ्यांनी कुलूप तोडलं तेव्हा धाकटा तापाने फणफणला होता. वहिनी त्या घरी गेली, पाणी मागितलं, तर सुगंधा त्या आजारी पोराला पेटत्या स्टोव्हपाशी सोडून कळशी घेऊन बाहेर नळावर गेली आणि तिथे बायकांशी बोलत राहिली. "मी कोण, कुठली, तिला माहीत नव्हतं," वहिनी म्हणाली होती. "मी पोरांना उचलून नेलं असतं तरी तिला कळलं नसतं." पुढे खरोखर तेच झालं, फक्त कागदावर सही होऊन. मुलं बालगृहात गेली.

मग नवरा कायमचा निघून गेला, आणि तेव्हा सुगंधाला दिवस गेलेले होते. दवाखान्यातून समितीला कळवलं गेलं. आता जे बाळ जन्मालाच आलं नव्हतं, त्याचं काय करायचं हा प्रश्न सुरू झाला. जन्मल्याबरोबर शिशुगृहात न्यायचं, की आईपाशी ठेवायचं? वहिनी बाळंतपणाआधी एकदा जाऊन आली आणि आल्यावर माझ्याकडे बसून राहिली. घरात बाळाचं म्हणून काही नव्हतं. एक झबलं नाही, टोपरं नाही, दुपटं नाही. "शालू, हिने काही म्हणता काही जमवलेलं नाही. हिला हे पोर ठेवायचंच नाहीये. एक तर टाकून देईल, नाहीतर कुणाला तरी देऊन टाकेल." मी म्हटलं, "अगं, जन्माआधी काही आणू नये म्हणतात ना." "ते ज्यांची जगत नाहीत त्यांच्यासाठी," ती म्हणाली. अहवालात तिने शंका लिहिली, आणि समितीचा कल बाळ काढून घेण्याकडे झाला.

मुलगा झाला. सुनावणीची तारीख लागायच्या आतच चाळीतल्या कुणीतरी मोबाइलवर काढलेला एक व्हिडिओ वहिनीच्या कार्यालयात पोचला. त्यात काय आहे ते तिने मला मोहन्याला जाताना रिक्षात सांगितलं. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं, पायऱ्या चढायला कुणाचा तरी हात लागायचा, म्हणून मला बरोबर घेतलं होतं. "तू बाहेर बसायचं. काही विचारायचं नाही, कुणाला काही सांगायचं नाही." व्हिडिओत सुगंधा उंबऱ्याच्या आत उभी होती, बाळ सुपात ठेवलेलं. उंबऱ्याबाहेर एक म्हातारी. म्हातारीने सुगंधाच्या पदरात मापाने काहीतरी ओतलं, सूप उचललं आणि बाळ घेऊन आपल्या खोलीत गेली. आणि मोठ्याने म्हणाली, घेतला गो बाय मी, इकत घेतला. वहिनीचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला तसा पुन्हा पाहिला नाही. पत्री पुलावर गाड्या तुंबल्या होत्या आणि ती मुठी आवळून बसली होती. "मी लिहिलं होतं," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "मी लिहिलं होतं, ही देऊन टाकेल."

चाळीतल्या पायरीवर मी बसले. दार उघडंच होतं. आत सुगंधा होती, आणि साडीच्या झोळीत बाळ होतं. म्हणजे बाळ तिथेच होतं! वहिनीलाही ते अनपेक्षित असावं, कारण ती दारातच थबकली. तेवढ्यात शेजारच्या खोलीतून ती व्हिडिओतली म्हातारी बाहेर आली. तिला सगळे चांगुणाआजी म्हणत. जवळच्याच गावातली आगरी बाई, जमीन मुलांनी विकली तशी या चाळीत येऊन राहिलेली. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, तोंडात मिश्री.

"कोन तुमी?" तिने विचारलं.

"मुलांच्या समितीकडून आलेय," वहिनी म्हणाली. "हे बाळ कुणाचं?"

"माजा."

"तुमचं कसं? जन्म हिने दिलाय."

"दिला असंल. मी इकत घेतलाय. कोंड्यावं. मापभर कोंडा मोजून दिलाय, तबेल्यातशी आनलेला. इचार सगल्या चालीला." आणि मग वहिनीकडे नीट बघून म्हणाली, "तुमीच ना ती? हिची दोन पोरां नेलीव ती?"

वहिनीने मान डोलावली.

"मंग ऐका. जिची पोरां टिकत नाय, तिचा पोर दुसरीनं इकत घेवाचा. मंग नेनारा आला की त्याला सांगाचा, ह्यो तिचा नाय, माजा हाय. मंग तो रिकामा जातो. आमच्यात पयल्यापासून हाय." तिने झोळीकडे हनुवटी केली. "कागदावं काय लिवाचा तो लिवा, आरव का फारव. घरात त्याचा नाव कोंडू."

ही रीत मला पुस्तकातून माहीत होती. मुलं जगत नसलेल्या बाईचं मूल सुपात घालून, कोंड्याच्या मोलाने शेजारणीने विकत घ्यायचं, आणि मग "माझं पोर तू सांभाळ" म्हणून आईच्याच हवाली करायचं. यमाला वाटावं की हे त्या घरचं मूलच नाही, आणि असलं तरी कवडीमोल आहे. धोंडू, केरू, भिकू ही नावं अशीच आलेली. पण ती मेलेल्या मुलांमागची रीत. सरकारने नेलेल्या मुलांमागे कुणी ती केल्याचं मी वाचलं नव्हतं. मला ते तिथल्या तिथे ओरडून सांगावंसं वाटलं, पण मला गप्प बसायला सांगितलेलं होतं, आणि वहिनीचं लक्ष आता म्हातारीकडे नव्हतंच. ती आत जाऊन खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "जरा पाणी मिळेल का?"

सुगंधा उठली. तिने आधी झोळीतून बाळ काढलं. झोपलेलं बाळ, उचलताच ते कुरकुरलं. त्याला खांद्यावर टाकून ती मोरीपाशी गेली, एका हाताने हंड्यावरचं झाकण सरकवलं, पेला बुडवला, निम्मं पाणी सांडलं. परत आली ती वहिनीपासून हातभर लांब उभी राहिली आणि तिथून हात ताणून पेला पुढे केला. वहिनी म्हणाली, "बाळ द्या ना इकडे, मी धरते." सुगंधा म्हणाली, "नको." एवढाच शब्द. मग मागे भिंतीला टेकली.

परतताना रिक्षा शहाडला पोचली. वहिनी म्हणाली, "म्हणजे मी यम झाले तर." मी म्हटलं, "अगं, म्हातारीचं काय मनावर घेतेस." "मनावर नाही घेत. बघतेय, यमाचं काम नीट करतेय का मी." मग म्हणाली, "तिने मला पोर दिलं नाही, पाहिलंस? तिचा माझ्यावर काडीचा विश्वास नाही. पहिल्यांदाच मला त्या घरात काहीतरी बरं दिसलं." मी म्हटलं, "पण वहिनी, तू पाणी मागतेस हे आता चाळीत सगळ्यांना माहीत असेल. त्या म्हातारीने तिला शिकवून ठेवलं असेल तर?" ती माझ्याकडे वळली, आणि तिच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. "मलाही तेच वाटलं," ती म्हणाली.

म्हणून ती पुन्हा गेली, न सांगता, भर दुपारी, काठी घेऊन एकटी. या वेळी तिने पाणी मागितलंच नाही. दार नुसतं लोटलेलं होतं. सुगंधा जमिनीवर झोपली होती, शेजारी बाळ, आणि बाळाच्या झबल्याची नाडी तिने आपल्या पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली होती. कुणी बाळ उचललं असतं तर ती जागी झाली असती. वहिनी किती वेळ उभी होती कोण जाणे. मग चांगुणाआजीच्या दारात जाऊन म्हणाली, "तुमचं पोर तिला नाडी सोडून झोपवायला सांगा, गळ्याला अडकेल." आणि परत आली. मी विचारलं, हे अहवालात लिहिणार ना? "छे," ती म्हणाली. "कुणीतरी म्हणेल, बाळाच्या गळ्याला फास लावते. मी स्वतःच म्हणाले असते."

सुनावणीत काय झालं ते मला तिच्याच तोंडून कळलं. एका सदस्याने विचारलं, "बाळ विकल्याचा व्हिडिओ आहे, आधीची दोन मुलं काढून घेतलेली आहेत, तुमचीच शंका आधीच्या अहवालात आहे. आणि आता तुम्ही म्हणता बाळ तिथेच ठेवा?" वहिनी म्हणाली, "विकत घेणारी बाहेर बसली आहे, तिला बोलवा." चांगुणाआजी आत आली, नमस्कार न करता उभी राहिली आणि त्यांनाही तेच सांगितलं, पोर माजा हाय. वहिनी म्हणाली, "मग लिहून घ्या, जबाबदारी यांचीही. आई कामाला गेली की बाळ यांच्याकडे. खोलीला बाहेरून कुलूप दिसलं तर बाळ मी स्वतः घेऊन येईन." म्हातारी म्हणाली, "ये तर खरी!" समितीतले लोक हसले. वहिनी हसली नाही. बाळ आईपाशी राहिलं, अचानक भेटींच्या अटीवर.

मला हे पटलं होतं का? खरं सांगायचं तर पूर्ण नाही. रिकाम्या घरात एकटी बाई, दारूडा नवरा कधीही परत येईल, आणि हमी कसली, तर मापभर कोंड्याची. मी एकदा तिला तसं बोलूनही दाखवलं. "आणि तू चुकली असशील तर?" ती भाजी निवडत होती. देठ तोडत म्हणाली, "तर चुकले असेन. म्हणून तर परत परत जायचं. बरोबर असते तर घरी बसले असते." आणि ती जात राहिली. पाय दुखायचा तरी गेली, पोटाचं दुखणं निघालं तरी गेली. कधी पाणी मागायची, कधी मागायची नाही, म्हणजे त्यांना अंदाज येऊ नये. कोंडू रांगायला लागला, उभा राहिला, हे सगळं ती मला तक्रारीच्या सुरात सांगायची. "पोर जरा जास्तच गुटगुटीत आहे. म्हातारी काय चारते कुणास ठाऊक."

गेल्या आठवड्यात सुगंधा माझ्याकडे आली. वर दादाचं दार बंद होतं, म्हणून खाली आली. कोंडू तिच्या कडेवरून उतरला आणि सरळ माझ्या पुस्तकांच्या फळीकडे गेला. ती दाराजवळच बसली, आत ये म्हटलं तरी. "बाई गेल्या ते उशिरा कळलं," ती म्हणाली. थोरली मुलगी आता घरी आली आहे, मधला अजून तिकडेच आहे, तारखा चालू आहेत. मग म्हणाली, "ताई, आता नवीन मॅडम येते. तिनं पाणी नाही मागितलं. फोटो काढले नुसते, भिंतीचे, भांड्यांचे. कोंडूचा पण काढला. ती काय बघते तेच कळत नाही मला. बाईंचं कळायचं."

मी म्हटलं, "वहिनीचं कळायचं तुला?"

"मग! आजीनं पुढच्या दोन-तीन खेपांतच पाण्याचं ओळखलं होतं. पण तुम्ही बरोबर आला होता त्या वेळी नव्हतं माहीत, देवाशप्पथ." ती थोडी हसली. "त्यांना पण माहीत होतं, मला माहीताय ते."

मी पाणी आणायला आत गेले. तिचं बोलणं खरं की खोटं ते मला ठरवता येईना, आणि ठरवणारी वर भिंतीवर फोटोत होती. पेला घेऊन बाहेर आले तेव्हा कोंडूने खालच्या फळीतली पुस्तकं ओढून काढली होती. सुगंधा तशीच दाराशी होती, पण हात लांब करून तिने त्याच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलेलं होतं. मी पेला पुढे केला. तिने तो दुसऱ्या हाताने घेतला आणि माझ्यावरची नजर न काढता सगळं पाणी प्यायली.

ती दोघं गेल्यावर मी पुस्तकं जागेवर लावली. नवीन बाईंचा अहवाल अजून यायचा आहे. पेला ओट्यावर पालथा आहे. कोंडू त्याच्या आईकडे आहे.